खांबाखालचे रांजण

परभणीच्या सरकारी शाळेत मी ड्रॉइंग शिकवत होतो. निजामाचं राज्य होतं. जुन्या इमारतींची पाहणी करायला हैदराबादहून एक साहेब आले. त्यांना नकाशे काढणारा आणि मराठी-उर्दू दोन्ही लिहिता येणारा माणूस हवा होता. हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि चार वर्षं अडकलो. मला जुन्या दगडांचं वेड होतं असं आता लोक समजतात. तसं काही नव्हतं. वर्गातल्या गलक्यापेक्षा दगड बरे, एवढंच तेव्हा वाटलं होतं.

साहेब साठीच्या जवळ आलेले, बारीक अंगाचे, गुडघ्यांनी हैराण. गावात पोचलो की झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे आणि मांडीवर रजिस्टर उघडायचे. गाव, इमारत, कोणत्या शतकातली, आणि शेवटी कैफियत, म्हणजे हल्लीची हालत. मी आणि आमचा शिपाई मोजायची फीत घेऊन आत जायचो. वटवाघळांच्या घाणीत उभं राहून आकडे ओरडायचो, बाहेर येऊन कागदावर उतरवायचो. शतकाचा खाना, म्हणजे रकाना, भरताना साहेबांचं डोकं दुखायचं. देऊळ यादवांच्या काळचं, त्यावरचं विटांचं शिखर पार अलीकडचं, शेजारच्या मशिदीची कमान बहामनी घाटाची, आणि त्या कमानीला लावलेले दोन दगड पुन्हा देवळाचेच.

"मास्टर, किस खाने में लिखूँ इसको?" ते विचारायचे. आम्ही बैलांच्या दमणीत बसून पुढच्या गावाला जायचो.

सगळ्यांत जास्त थकवायचा तो लोकांचा एक प्रश्न. पारावर, विहिरीवर, चावडीत, कुठंही गेलो तरी तोच. "काय गावायलंय का? धनाचा हंडा हाय का?" सरकार एवढा माणूस पाठवतं, फीत लावून दगड मोजतं, ते उगीच कशाला, असं त्यांना वाटायचं. त्यात त्यांचंही चूक नव्हतं. नुसतं मोजण्यासाठी कुणी मोजतं यावर माझ्या बायकोचाही विश्वास नव्हता.

पोखर्णीच्या पुढं, गंगाखेडच्या वाटेवर, रस्ता सोडून आत एक गाव होतं. तिथलं महादेवाचं देऊळ लहानसं, काळ्या दगडाचं, चुना न वापरता दगडावर दगड बसवून बांधलेलं. आत चार खांब, वर दगडाचंच छत, छताच्या मधोमध कोरलेलं कमळ. पूजा एक म्हातारी गुरवीण करायची. नवरा गेल्यावर तिनंच सगळं चालवलं होतं. आम्ही तिथं चार दिवस होतो. तिसऱ्या दिवशी मला हिवताप भरला. साहेबांनी कोयनेल, म्हणजे क्विनाईन, दिलं, त्यानं कानात गुणगुण सुरू झाली. तरी काम संपवायचं होतं. पुढं जिंतूरकडचा दौरा ठरलेला होता.

देवळाला लागून ज्याचा मळा होता तो शेतकरी रोज येऊन उंबऱ्यात बसायचा. भला माणूस. त्यानंच आम्हाला दूध पोचवलं, बैलांना कडबा दिला. पण रोज तेच विचारायचा, आणि मी रोज सांगायचो की इथं काही नाही, आम्ही फक्त चित्र काढतो. चौथ्या दिवशी मी दक्षिणेकडच्या खांबापाशी होतो. खांबाचा वरचा भाग मोजायला शिडी लागणार होती. ती गावात होती, पण चढायची माझ्यात ताकद नव्हती. खाली बसून मी कागदावर वरचा भाग अंदाजानं, तुटक रेषेनं काढत होतो.

"मास्तर, खरं सांगा," तो म्हणाला. "आमी काय कुणाला सांगतो व्हय?"

"हाय," मी म्हणालो. "ह्या खांबाखाली सात रांजण हायत. आता मला काम करू द्या."

तो हसला. मला तरी तो हसल्यासारखा वाटला. संध्याकाळी आम्ही निघालो. मी दमणीत घोंगडी पांघरून पडून होतो, गाव कधी मागं पडलं ते कळलंही नाही.

पावसाळा संपल्यावर साहेबांनी नकाशा तपासला आणि तुटक रेषेवर बोट ठेवलं. "ये नाप कर लाओ." शिपाई रजेवर होता, म्हणून मी एकटाच गेलो. देवळात पाय ठेवला तर आत नको तेवढा उजेड होता. छताची एक शिळा सरकून तिरपी झाली होती. दक्षिणेकडचा खांब दोन तुकडे होऊन आडवा पडला होता आणि तो उभा होता तिथं कमरेएवढा खड्डा होता. बाकीचं छत पडू नये म्हणून कुणीतरी कडुलिंबाचं लाकूड टेकवलं होतं.

गुरवीण पिंडीपाशी झाडत होती. तिनं मला ओळखलं.

"या मास्तर. बसा त्या खांबावर. बसायला लय चांगली जागा झालीय आता."

"कुणी खणलं?"

"गावानंच. चार जणं व्हती. मळेवाल्याच्या पायावर आला खांब. अजून खाटेवर हाय."

मी त्याच्याकडे गेलो. न जाता परत फिरावं असं फार वाटलं, पण गेलो. तो ओट्यावर खाटेवर होता. गुडघ्याखाली बांबूच्या कामट्या बांधलेल्या, पाय काळानिळा. मला बघून उठायला लागला. मी त्याला धरून खाली निजवलं.

"सात रांजण म्हणलाव तुमी," तो म्हणाला. रागानं नाही. हिशेब कुठं चुकला ते विचारावं तसं.

"थट्टा केली मी. ताप होता मला. तुम्ही सारखं विचारत होता."

"मग तीन दिवस न्हाई न्हाई म्हणत व्हतावत, ते खरं व्हतं?"

"खरं होतं."

"ते खरं वाटलं न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या बायकोनं गुळाचा चहा आणून दिला. मी तो प्यालो. माफी कशी मागायची ते सुचलं नाही, आणि ती त्यांनी मागितलीही नाही.

दुपारी पुन्हा देवळात आलो. एवढ्या लांब आलोच होतो, म्हणून फीत काढली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. गुरवीण झाडू ठेवून आली आणि टोक धरून बसली. खांबाच्या टोकाशी एक बुटका कोरलेला होता, दोन्ही हात वर करून छत पेलणारा. खालून तो कधी नीट दिसलाच नव्हता. आता माझ्या गुडघ्याशी पडला होता. गाल फुगलेले, पोट पुढं आलेलं, नाक ताजं फुटलेलं. फुटलेल्या जागी दगड आत राखाडी होता.

"हे वर असं व्हतं, मला म्हाईत नव्हतं," गुरवीण म्हणाली. "सून म्हणून आले तवापासून झाडते हितं."

सगळी मापं मिळाली. शिडी लागली नाही.

परभणीला येऊन साहेबांना मी सगळं सांगितलं. रस्ताभर ठरवत होतो की सांगायचं नाही, आणि त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बुखार था तुमको उस दिन?"

"होता."

त्यांनी रजिस्टर उघडून कैफियतीच्या खान्यात लिहिलं, "ज़मीन खोदने से सुतून गिर गया." सुतून म्हणजे खांब. कुणी खोदली ते त्या वाक्यात यायची गरज नव्हती. टीपकागद दाबून त्यांनी पान उलटलं. मी शाळेत परत जायची परवानगी मागितली. ते म्हणाले, जिंतूरचं काम झाल्यावर बघू. जिंतूरनंतर सेलू आलं, सेलूनंतर आणखी काही. त्यानंतर प्रत्येक गावात मी त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचो. कागद दाखवायचो, फीत हातात द्यायचो, पाव तास समजावून सांगायचो. लोक मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे.

पुढं दंगलीचे दिवस आले. रझाकारांच्या भीतीनं गाडीवान आडवाटेला जाईनात. दौरे बंद झाले. साहेब सगळी रजिस्टरं दोन पेट्यांत भरून हैदराबादला गेले, आणि मी पुन्हा वर्गात आलो. पोलीस ॲक्शननंतरच्या पावसाळ्यात गुरविणीचा भाचा कामासाठी परभणीला आला होता. त्यानं सांगितलं की लिंबाचं लाकूड कुजलं, छत कमळासकट खाली आलं. म्हातारीनं त्याआधीच पिंड बाहेर काढून पत्र्याखाली ठेवली होती. मळेवाला काठी घेऊन चालतो.

ही गोष्ट कुणाला तरी कळवायला हवी होती. मी साहेबांच्या जुन्या कचेरीच्या पत्त्यावर एक कार्ड लिहिलं. गावाचं नाव, देवळाचं नाव, छत पडलं, एवढंच. उत्तर आलं नाही. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर पडला होता, तो पुढं ओढला.