माझ्या पेजवरून तिला गेलेली दाद

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या स्टुडिओच्या दाराला घरमालकानं बांधलेलं लिंबू मी एकदा सोडून पोह्यांवर पिळलं होतं... मिरच्या निलेशनं खाल्ल्या. इथल्या अनुभवांखाली "भास झाला असेल" असं लिहिणाऱ्यांत मीही असतो. आता माझी पाळी आहे, तुम्हीही खुशाल लिहा.

मी धुळ्याचा. देवपुरात एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. अहिराणी गाणी करतो — चालही माझी, आवाजही माझा. पण हल्ली नुसतं गाऊन भागत नाही. व्हिडिओ टाका, रील कापा, कमेंट करणाऱ्यांना बदाम पाठवा... म्हणून टीम ठेवली. निलेश एडिटिंग बघतो, प्राजक्ता पोस्ट आणि कमेंट सांभाळते, आणि त्या दोघांना मी सांभाळतो. रोज सकाळी मीटिंग. मीटिंगला सगळ्यांचे फोन बंद करून शेवेच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे, माझाही, नाहीतर एकही जण वर बघत नाही. रियाजापेक्षा जास्त वेळ थंबनेलवरून भांडण्यात जातो.

आणि इतकं करून पुढे कोण? सावद्याची भारती. ही बाई केळीच्या बागेत उभी राहून गाते आणि नवरा मोबाईल धरतो. मध्येच ट्रॅक्टर जातो, पानं सळसळतात. लाईट नाही, टीम नाही, काही नाही. तरी तिचं ऐकणारे माझ्या दुप्पट. मी तिचा प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचो, चूक सापडेपर्यंत. प्राजक्ता म्हणायची, "दादा, तिचे निम्मे व्ह्यूज तुमचेच असतील." जळत होतो, त्यात लपवायचं काय?

एक चूक सापडलीही होती. दुसऱ्या कडव्याला तिचा दम तुटायचा. मी कोणाला बोललो नाही. मी कशाला बोलू?

आता हिलाल मास्तरांबद्दल सांगायला हवं. सोनगीरचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मला सूर दिला तो त्यांनी. शिव्या सढळ हातानं, दाद मात्र एकच — मान खाली घालून, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचे, "आते जमनं," म्हणजे आता जमलं. बस्स. बँडमधल्या प्रत्येकाला कधी ना कधी ते मिळालं. ढोलवाल्यालासुद्धा मिळालं. मला नाही. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसून गायलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बापू." ते गेले तेव्हा माझं हे पेजही नव्हतं. आणि ही सल मी टीमला सोडाच, बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

तर, आषाढातली गोष्ट. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी स्थापना, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. ज्याचं गाणं त्या मिरवणुकीत वाजलं, त्याचं वर्ष निघालं. त्यामुळे सगळ्या खान्देशी चॅनेलांची आधीपासून पळापळ चालू असते. आमचीही होती. अशात एका सकाळी निलेश म्हणाला, "दादा, तुम्ही तर एकदम सुधारलात."

त्यानं लॅपटॉप फिरवला. भारतीच्या नव्या व्हिडिओखाली माझ्या पेजच्या नावानं, माझ्या फोटोसकट कमेंट होती — "दुसरा कडवाले दम राखजो, माय. गानं काय पयी जात नही."

मी सरळ प्राजक्तावर घसरलो. पेजवरून लिहिणारी तीच ना? माझं खाऊन तिला सल्ले? प्राजक्ता शिरपूरची, बोलायला कोणाला ऐकत नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज बारीक झाला. "दादा, मला कडव्यातला दम काय कळतो? आणि असं 'राखजो'बिखजो आमच्या घरी आता कोणी बोलत नाही."

मी ऐकलं नाही. कमेंट उडवली, पासवर्ड बदलला, पेज फक्त माझ्या फोनवर ठेवलं. प्राजक्तानं त्या दिवशी डबा वेगळा बसून खाल्ला. मला मात्र वेगळंच खुपत होतं. "गानं काय पयी जात नही", गाणं काही पळून जात नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी घाई केली की मास्तर हेच म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात जळगावला खान्देशी कलाकारांचा कार्यक्रम होता. तिथे भारती पहिल्यांदा भेटली. मला वाटलं होतं, नखरेल असेल. साधी निघाली, त्याचाही राग आला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "भाऊ, तुमी सांगलं तसं केलं. आता दम पुरते मले."

"हं," मी म्हटलं.

"एवढे मोठे तुमी, पन कोनाले सांगता का असं? आनखी काही चुकलं तं सांगत जा."

ती कमेंट माझी नाही, हे सांगायचं राहून गेलं... राहून गेलं कसलं, सांगितलंच नाही. फुकटचं मोठेपण कोण सोडतं? फक्त विचारलं, "हिलाल मास्तरांना ओळखता? सोनगीरचे, क्लॅरिनेटवाले."

"कोन मास्तर, भाऊ?" तिच्या चेहऱ्यावर खरंच काही नव्हतं. नवऱ्यालाही विचारून पाहिलं. त्यानंही मान हलवली.

मग तो शनिवार. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती. सकाळची मीटिंग, फोन बंद करून डब्यात, आणि प्राजक्तावर माझा अजून संशय होता म्हणून डबा माझ्या मांडीवर. निलेशचा लॅपटॉप उघडा होता, त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर. भारतीचं कानबाईचं गाणं नुकतंच आलं होतं. मी म्हटलं, लाव, बघू काय दिवे लावलेत.

तीच केळीची बाग, तोच वारा. पहिलं कडवं गेलं. दुसरं आलं आणि तिनं घाई केली नाही. दम राखला, ओळ पुरती झाली, आणि मग इतक्या अलगद ध्रुवपदावर आली की माझ्या अंगावर काटा आला. असं मला गाता आलं पाहिजे होतं.

गाणं संपलं. निलेशनं पान खाली सरकवलं. सगळ्यात वर, नुकतीच आलेली कमेंट. माझं पेज, माझा फोटो.

"आते जमनं."

प्राजक्तानं माझ्या मांडीवरचा डबा उघडला. माझा फोन बंदच होता. तिचाही, निलेशचाही. निलेशनं खुर्ची लॅपटॉपपासून मागे ओढली. प्राजक्ता हळूच म्हणाली, "दादा, मी नव्हते ना?"

मी रडत होतो. भीतीनं नाही, हे लक्षात घ्या. रागानं. त्या दोन शब्दांसाठी मी अर्धं आयुष्य घालवलं. माणूस मेल्यावर येतो, माझ्या पेजवरून येतो, माझ्या फोटोमागे उभा राहतो... आणि देतो ते तिला! जिनं त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं!

मी फोन चालू केला आणि त्याच कमेंटखाली लिहिलं, "मास्तर, आनि मन्हं?" आणि माझं?

"दादा, लोक बघतायत," प्राजक्ता म्हणाली.

"बघू दे."

थोड्या वेळानं उत्तर आलं. भारतीचं. तिला वाटलं, मी गमतीनं तिलाच मास्तर म्हणतोय. "भाऊ, तुमचं गानं तं आमच्या घरी रोज वाजते." पुढे हात जोडलेले. इतकं मनापासूनचं कौतुक मला क्वचितच मिळालं असेल, आणि मला ते नको होतं.

त्यानंतर तसं काही झालं नाही. मोबाईलच्या एका जाणकाराला दाखवलं. तो म्हणाला, कमेंट तुमच्याच फोनवरून गेली आहे. तेव्हा फोन बंद होता म्हटल्यावर त्यानं चहा मागवला आणि विषय बदलला. मीच केलं असेल का, झोपेत, नकळत? पहिल्या कमेंटपुरतं मानायला मी तयार आहे. शनिवारी तर मी टक्क जागा होतो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

प्राजक्ताची माफी मागितली, पेज पुन्हा तिच्या हाती दिलं. आता तिचं आणि निलेशचं एकच टुमणं आहे... हे पेज जुनं झालं, लोकांपर्यंत पोचत नाही, नव्या नावानं नवं काढू. त्यांचं बरोबर आहे. पटवून द्यायला त्यांनी सगळे आलेखही दाखवले. तरी मी नाही म्हणतो, आणि कारण विचारलं की काहीतरी पुटपुटतो. खरं कारण टीमच्या मीटिंगमध्ये सांगण्यासारखं नाही. नवं पेज काढलं, तर ते मास्तरांना सापडेल का?