प्रकृतीच्या कारणासाठी परवाना

प्रिय निहार आणि मुक्ता,

गेल्या महिन्यात तुमची आई इथे आली होती, ती स्वतःचा जन्मदाखला शोधायला. तुमच्या तिकडे परदेशातल्या कुठल्याशा अर्जाला मूळ कागद हवा होता. माझ्याकडे कागद सापडत नाही असं होत नाही. कपाटातली निळी फाइल काढ, असं मी तिला सांगितलं. दाखला मिळाला, आणि त्याच्या खाली महाराष्ट्र शासनाचा एक परवाना मिळाला, माझ्या नावाचा, मद्य बाळगण्याचा आणि पिण्याचा. तिने त्याचा फोटो काढून तुम्हा दोघांना पाठवला. निहार, तुझा फोन आला तेव्हा तू इतका हसत होतास की आधी मला काही कळलंच नाही. "आजी, तू? वाइन?" फोनवर मी नीट उत्तर दिलं नाही. लिहून देते. मराठी वाचायला वेळ लागेल, पण वाचा.

मी वेंगुर्ल्याहून निघाले तेव्हा तुमची आई पाच वर्षांची होती. तुमचे आजोबा जाऊन वर्ष झालं होतं. माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि मुंबईतल्या एका मामेबहिणीचा पत्ता होता. दुपारच्या एसटीने मी निघाले. आईने कोकमाच्या आगळाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि तीनदा बजावलं, "उभी धर गो, आडवी नको." तुमची आई अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बोट धरून उभी होती. ती रडली नाही. कंडक्टरने दार लावलं तेव्हा अण्णा खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "वरीसभर बघ. नाय जमला तर घर आसा." नोकरी पक्की झाली आणि जागा बघून अण्णांचं समाधान झालं तरच मुलीला मुंबईला पाठवायचं, असं ठरलं होतं. अण्णा शाळामास्तर होते. त्यांचं समाधान सहज होत नसे.

बाटली आडवी झालीच. मुलुंडला उतरले तेव्हा माझ्या पातळावर वीतभर लाल डाग होता.

मुलुंड तेव्हा आताच्यासारखं नव्हतं. पूर्वेला बैठ्या चाळी आणि तीन मजली सोसायट्या, पश्चिमेला मोठ्या रस्त्याच्या कडेने कारखाने. बिस्किटांचा वास एका बाजूने येई आणि औषधांचा दुसऱ्या बाजूने. तिथल्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मला वर्षभराच्या बोलीवर घेतलं. सरबतं आणि जॅम तपासायचे, असं मला सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात आमचे प्रमुख पिंटोसर सहा बाटल्या घेऊन आले. मालकांनी नाशिककडच्या पठारावर फ्रान्सहून आणलेल्या द्राक्षवेली लावल्या होत्या, कॅबर्ने आणि मर्लो जातीच्या. फ्रान्समध्ये बोर्दो नावाच्या शहराकडे या दोन द्राक्षांची मिळून जशी लाल वाइन करतात, तशी इथे करायची होती. सहा बाटल्यांत सहा वेगवेगळ्या पिंपांतली, काही महिन्यांचीच कोवळी वाइन होती. सातवी बाटली फ्रान्सची, तीही कोवळी, तुलनेसाठी. कोणतं पिंप ठेवायचं आणि कोणतं ओतून द्यायचं, ते चाखून ठरवायचं.

चाखायला सरकारी परवाना लागे. सगळ्यांना एकच छापील नमुना मिळाला. त्यात कारण आधीच छापलेलं होतं: प्रकृतीचं रक्षण करण्यासाठी. पिंटोसर म्हणाले, "मॅडम, सरकारच्या हिशोबात आपण सगळे आजारी." ते वसईचे होते, त्यांच्या घरी वाइन नाताळला असे. माझ्या घरी ती फक्त इंग्रजी पुस्तकात असे.

पहिल्या दिवशी मी सगळ्यात वाईट चाखणारी ठरले. सातही ग्लासांपुढे मी सारखेच गुण लिहिले. माझ्या शेजारी शालन बसायची, भांडुपच्या कोळीवाड्यातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली.

"अगं ए, काय करतेस? नळाचं पाणी आहे का ते?"

मी ग्लास वर धरून, ओठ न लावता, घशात ओतत होते. आमच्याकडे लहानपणापासून सगळे असंच पितात. ओठ लागला की भांडं उष्टं. शिवाय स्वयंपाकाचा वास मुद्दाम घ्यायचा नाही, देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी तर नाहीच, हे आईने आमच्या अंगात मुरवलं होतं. थोडक्यात, जीभ आणि नाक दोन्ही बाजूला ठेवून मी वाइन चाखत होते.

"नाक घाल ना आत," शालन म्हणाली. "मी मासळी घेताना कल्ला उघडून हुंगते. लाजतेस कसली? ही तर मेलेलीही नाही."

"आणि थुंका," पिंटोसर म्हणाले. "गिळलंत तर चौथ्या ग्लासनंतर सगळंच छान लागेल."

नाक घालायला मला आठवडा लागला. चारचौघांत थुंकायला दोन.

मग फरक कळू लागले. कोवळ्या लाल वाइनचा रंग काठाशी जांभळा असतो, पिकल्या जांभळाच्या रसासारखा. कॅबर्नेला हिरव्या मिरचीच्या देठाचा वास येतो. मर्लो मऊ, आलुबुखाऱ्याकडे झुकणारी. फ्रान्सची बाटलीसुद्धा तेव्हा काही सुखाची नव्हती. तीही तोंड आवळत होती, पण सगळीकडून सारखं.

आमच्या छापील तक्त्यात चवीचे चार रकाने होते: गोड, आंबट, खारट, कडू. तिसऱ्या आणि पाचव्या पिंपाला सगळ्यांनी कडूच्या रकान्यात मोठे आकडे टाकले आणि दोन्ही ओतून द्यायचं ठरत आलं. मी परत चाखली. पाचवी खरोखर कडू होती, जिभेच्या मुळाशी राहणारी, बिया चिरडल्या गेल्यासारखी. तिसरी कडू नव्हती. ती गालांच्या आतून खरखरली, दातांवरून जीभ फिरेना. वेंगुर्ल्यात ही चव शेंबड्या पोरालाही कळते. काजूचं बोंड खाल्लं की हेच होतं. मी पेनाने पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं: तुरट.

"कडू वेगळं, तुरट वेगळं," मी पिंटोसरांना म्हणाले. "तुरट वेळेने उतरतं. कडू उतरत नाही."

पिंटोसरांनी तिसरं पिंप ठेवलं. सहा महिन्यांनी ते सगळ्यांत बरं निघालं. माझी नोकरी पक्की झाली. पुढचे तक्ते पाच रकान्यांचे छापून आले आणि पाचव्यावर देवनागरीत "तुरट" होतं, कारण इंग्रजी शब्द कोणाला धड लिहिता येईना.

हे सगळं मी अण्णांना लिहिलं नव्हतं. पत्रात मी सरबतं आणि जॅमच लिहीत राहिले. दीड वर्षाने, मे महिन्यात, ते तुमच्या आईला घेऊन जागा बघायला आले. मी पूर्वेला एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं होतं. अण्णांनी नळ सोडून पाहिला, खिडकीचे गज हलवून पाहिले. मी बाजारातून परत आले तेव्हा ते जमिनीवर बसले होते, पुढ्यात माझी निळी फाइल. शाळेत लागेल म्हणून त्यांनी जन्मदाखला बरोबर आणला होता आणि तो फाइलीत ठेवायला गेले होते. हातात परवाना होता.

"तुका झालाहा काय?" त्यांनी विचारलं. "दारू औषध म्हणान घेतंस? आणि माझ्यापासून लपयतंस?"

दाखला त्यांनी घडी करून परत खिशात घातलेला मला दिसला.

"माका काय एक जावक नाय, अण्णा. ह्या नोकरेचा कागद." मी सगळं सांगितलं.

"गिळतंस?"

"नाय. थुकतंय."

"म्हणजे थुकूचो पगार गावता तुका?"

तुमची आई हसली. अण्णा हसले नाहीत. कंपनीतली वाइन घरी आणता येत नसे, आणि आणली असती तरी त्यांनी शिवली नसती. मग मी कोरा चहा केला. पहिला दोन मिनिटं ठेवलेला, दुसरा अर्धा तास, आणि तिसऱ्यात मेथ्या उकळल्या. तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांत ओतला, खाली कागदावर आकडे लिहिले आणि अण्णांपुढे ठेवले.

त्यांनी पेला उचलला आणि वर धरला.

"ओठ लावा," मी म्हणाले. "आधी वास घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर बघत तसं. मग पेला खाली आणला, नाक आत घातलं, ओठ लावले. एकेक घोट घेऊन, उठून, मोरीत थुंकून आले. परत बसले.

"हेच्यात बोंडू आसा," दुसऱ्या पेल्यावर बोट ठेवून ते म्हणाले. तिसरा जरा दूर सारला. "आणि हेच्यात कडूपण. लपवलेला."

"बरोबर," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून दाखला काढला, घडी उलगडली, हाताने सपाट केला आणि फाइलीत परवान्याच्या वर ठेवला.

"मगे हयली शाळा खंय आसा?"

जूनमध्ये तुमची आई मुलुंडच्या शाळेत पहिलीत बसली.

त्या प्रयोगशाळेच्या जागी आता चोवीस मजली इमारत आहे. वेंगुर्ल्याचं घर चुलतभावाकडे आहे. तिथे मला पाहुणीसारखा चहा मिळतो, बशीसकट. तुमच्या आईला मी विमानतळावर सोडलं तेव्हा "नाय जमला तर घर आसा" हेच म्हणाले, आणि ते म्हणताना मला मुलुंडची खोली दिसत होती, वेंगुर्ला नाही. वाइन मी निवृत्तीनंतर घेतलेली नाही. मला ती कधी फारशी आवडलीच नव्हती; मला ती फक्त कळत होती.

परवान्याची मुदत केव्हाच संपली. जन्मदाखला तुमच्या आईने नेला, पण छायाप्रत करून परवान्याच्या वर ठेवून गेली, होती तशीच. फाइल निळीच आहे, वरच्या खणात, डावीकडे.

तुमची आजी