कळ न आलेला झटका

माझी आत्या आणि पुण्याचे काका ही सख्खी भावंडं. दोघांनाही शुगर, एकाच हिवाळ्यात दोघांनाही हार्ट अटॅक, दोघांच्याही हृदयात स्टेंट. होळीपर्यंत काका फोनवर टेकडी चढल्याच्या गोष्टी सांगायला लागले. आत्या इथे उज्जैनला, आमच्या नानाखेड्याच्या घरात, गच्चीचा जिना चढताना तीनदा कठडा धरत होती.

मला भयंकर राग यायचा. काकांच्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर आणि शुगरचे डॉक्टर एकाच मजल्यावर बसत. दर आठवड्याला तिथून फोन: काय खाता, किती चालता, पाय सुजतात का? आत्याला आम्ही इंदूरला नेलं, स्टेंट टाकला, घरी पाठवलं. शुगरचं विचारलं तर म्हणाले, "वो अपने फैमिली डॉक्टर को दिखा लेना." फॅमिली डॉक्टर म्हणाले, "हार्ट का केस है, इंदौर में ही पूछो." बाईचं हृदय इंदूरचं, आणि शुगर कुणाचीच नाही! शुगरवाल्यांचं हृदय मुळात सावकाश सावरतं. त्यात ही टोलवाटोलवी.

मला राग आला की मी पत्रक लिहिते. कॉलेजपासूनची सवय आहे. तेव्हाही लिहिलं, हिंदीत, जाड अक्षरांत: 'सीने में दर्द? एक मिनट मत गँवाओ.' छाती धरून बसलेल्या माणसाचं चित्र, खाली आमच्या संघटनेच्या मागण्या: इथेही हृदय आणि शुगर एकाच ठिकाणी बघा. आत्या रिटायर्ड मास्तरीण.

"काय नेतेबाई, आज कुठल्या मंत्र्याला धुतलंस?" म्हणत तिनं ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी मीटिंगहून घरी आले. काखेत उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. आत्या पलंगावर बसलेली, ब्लाउज घामानं चिंब, चेहरा राखेसारखा. हातात साखरेच्या पाण्याचा रिकामा पेला.

"कधीपासून?"

"कपडे वाळत घातले तेव्हापासून. शुगर कमी झाली असेल गं. दोन चमचे साखर घेतली. होईल ठीक."

म्हणजे दोन तास होऊन गेले होते. मी यंत्र काढून तिच्या बोटाला सुई टोचली. शुगर कमी कसली, चांगलीच वाढलेली होती. मग हा घाम कशाचा?

"आत्या, छातीत दुखतंय?"

"नाही ना! तेच तर बघितलं मी." तिनं फ्रिजकडे बोट दाखवलं. "तुझ्या कागदावर काय लिहिलंय? सीने में दर्द. मला दर्द नाहीये. फक्त दम लागतोय."

मी तिला ऑटोत घातलं. रस्ताभर ती ऑटोवाल्याला सांगत होती, "भैया, आराम से चलाओ, ये लड़की यूँ ही घबराती है." दवाखान्यात ईसीजीची पट्टी निघाली. दुसरा अटॅक होता. तिथला तरुण डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, "शुगर वालों को कई बार दर्द होता ही नहीं. पसीना, साँस फूलना, उल्टी जैसा लगना, बस. किसी ने बताया नहीं था?"

नव्हतं सांगितलं. इंदूरच्या कागदावर ती ओळ नव्हती, फॅमिली डॉक्टरनं सांगितली नव्हती. एरवी मी त्या कॉरिडॉरमध्ये उभी राहून दहा जणांना ऐकवलं असतं. पण ती ओळ माझ्या पत्रकातही नव्हती, आणि आत्या दोन तास थांबली ती माझं पत्रक वाचून.

आत्या वाचली. हृदय आणखी दुबळं झालं. घरी आल्यावर मी फ्रिजवरचा कागद फाडायला गेले, तर ओरडली, "फाडतेस काय? पेन आण. लाल."

पाठीशी तक्क्या घेऊन ती बसली आणि उरलेल्या गठ्ठ्यातल्या पहिल्या पत्रकावर तिनं हातानं लिहिलं: 'शुगर है तो दर्द का इंतज़ार मत करो.' खाली घाम, दम, मळमळ. मग दुसऱ्यावर. दहा झाली की पेन ठेवायची, डोळे मिटायची.

"मी लिहिते ना," मी म्हटलं.

"तू लिहिलंस एकदा. बघितलं."

बरोबरच होतं.

काकांचा फोन यायचा: "पुण्याला ये, इथे सगळं नीट बघतात." ती म्हणायची, "दादा, तुझे डॉक्टर पाठव इकडे. इथेही माणसंच राहतात." त्या एका वाक्यावरून मी नवं पत्रक केलं. मागण्या त्याच आहेत, पण सगळ्यात वर आता आत्याची ती लाल पेनातली ओळ आहे.

डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायला सांगितलंय. दारापासून फाटकापर्यंत, बस. परवा भाजीवालीची हाक आली तशी ती पत्रक घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत तुळशीच्या कट्ट्यावर टेकली. मी धावले, तर हातानंच थांबवलं. दम खाऊन उठली, फाटकापर्यंत गेली, कागद पुढे केला.

"पढ़ना नहीं आता, दीदी," भाजीवाली म्हणाली.

"तो सुन," आत्या म्हणाली, आणि फाटकाला धरून तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.