चक्कर मिस्त्री आणि सईचा चिमटा

पुलगावात चक्कर मिस्त्रींकडे नुसती सायकल ठेवून घरी जाता येत नसे. ब्रेक लागत नाही एवढीच तक्रार असली, तरी ते हात पुसत म्हणायचे, "आंधी एक चक्कर मारून दाखवा." मग भर रस्त्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत, रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत यावं लागे. मिस्त्री टाचांवर बसून बघत राहायचे, सायकलपेक्षा चालवणाऱ्याच्या खांद्यांकडे आणि गुडघ्यांकडे. डेपोतला एक धिप्पाड माणूस एकदा चिडून म्हणाला, "मिस्त्री, बिघाड सायकलमंधी हाये का माह्यात?"

"थेच तं पाहून राह्यलो, भाऊ."

मीरा, तुला ते आठवणार नाहीत. तू तेव्हा कडेवर होतीस. तुझी ताई सई शाळेसाठी माझ्याकडे, आजीकडे, राहत होती आणि नाल्यापलीकडच्या दगडधोंड्यांतून तिची ती जाडजूड टायरांची सायकल पळवायची. पहिल्यांदा तिला घेऊन गेले, तेव्हा तिचीही फाटकापर्यंत चक्कर झाली. परत आल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "बाई, पोरगी सारा भार हातावर देते. मनगट दुखत असन हिचं." महिनाभर मी त्या मनगटाला मलम चोळत होते. त्यांनी सीट दोन बोटं मागे सरकवली आणि मलमाची बाटली कपाटात गेली.

दरवर्षी ते सईची सीट थोडी वर घ्यायचे. "लेकरू आपोआप वाढते, बाई. सायकलले वाढवा लागते," असं म्हणत पाना फिरवायचे. शेवटचं वाढवलं तेव्हा सई कॅनडाला निघाली होती.

गेल्या पावसाळ्यात सईचा फोन आला. सायकलचा सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणारा भाग, गंजून जाम झाला होता, म्हणून ती नवा, हवेवर चालणारा पाठवत होती. "आजी, डिसेंबरमध्ये येते. तोवर मिस्त्रीकाकांकडून बसवून ठेव." मिस्त्री त्याला चिमटा म्हणत. खोक्यातून तो काढला आणि बराच वेळ ते त्याच्या चकचकीत नळ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. असा चिमटा त्यांच्या हाताखाली कधी आलाच नव्हता.

मी माझ्या सवयीप्रमाणे सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करून, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात लिहून नेलं होतं. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"लिवलं थे बरोबर हाये, बाई. पन बसनारी कुठी हाये?"

कारण दोन गोष्टी माणसावर अवलंबून होत्या. चिमट्याची वरची नळी लांब येते, ती उंची बघून करवतीने कापायची. आणि आत हवा भरायची ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. मी म्हटलं, जुन्या चिमट्याच्या मापाने कापा.

"कापली तं कापली, बाई. मंग लांब करता येत नाई. पोरगी किती बदलली, कोनाले मालूम?"

त्यांनी नळी न कापताच चिमटा बसवला. हँडलच्या वर ती वीतभर उभी राहिली. हवा अंदाजाने भरली, पण ती पक्की करायला ते म्हणाले, "तुमी बसा. तुमचा बांधा तिचाच हाये."

मी त्र्याहत्तर वर्षांची, खळीची साडी नेसलेली, आणि दुकानापुढच्या बाकावर चार माणसं बसलेली. "मिस्त्री, काहीतरीच काय! तुम्हीच बसा ना."

"मी बसलो तं पाहीन कोन?" ते हसले, आणि हसता हसता खोकला लागला. बराच वेळ थांबला नाही.

डिसेंबरात सईला रजा मिळाली नाही. येणं मार्चवर गेलं. मी ते मिस्त्रींना तारखेसकट सांगितलं. "येऊ द्या आरामानं. नळी काई सडत नाई," ते म्हणाले. तेव्हा त्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती, आणि वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. मी ते पाहिलं होतं. सईला कळवलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर नको, असं वाटलं.

जानेवारीअखेर मी बाजारातून येताना त्यांनी हाक मारली. दुकानात ते एकटेच होते. सायकल भिंतीला टेकून, फडक्याने झाकलेली. "बाई, एकडाव बसता का? मले पाहाचं हाये, थो दबून वर येते कसा."

बाकावर कोणी नव्हतं. तरी मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, "आता महिन्याचाच तर प्रश्न आहे, मिस्त्री. सईच बसेल."

"हो. थेही बरोबर हाये," ते म्हणाले, आणि फडकं पुन्हा नीट ओढलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले.

तेरवी झाल्यावर मी सायकल आणायला गेले. त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, दुकान उघडून दिलं. माझा सुवाच्य कागद खिळ्याला टोचलेला होता, कडांना ग्रीसचे अंगठे. "रोज पुसत होते इले," सायकलकडे पाहत सुमनबाई म्हणाल्या. "दवाखान्यातून आले का आंधी इथीच."

मी पिशवी खाली ठेवली. "सुमनबाई, हँडल घट्ट धराल?"

"काऊन, बाई?"

"मला बसायचंय."

स्टुलावर पाय देऊन, पदर खोचून मी चढले. बाकावर माणसं होती. कुणी हसलं नाही. चिमटा हळूच श्वास सोडल्यासारखा खाली गेला आणि मला घेऊन पुन्हा थोडा वर आला. सुमनबाई वाकून पाहत होत्या. "दबला, बाई. चांगला दबला."

एवढंच मिस्त्रींना बघायचं होतं.

आणि सई, हे तूही वाचशील म्हणून सांगते, तुझी सायकल ओसरीत आहे. चिमट्याच्या नळीवर एक काळं रबरी कडं असतं, चिमटा किती दबला ते दाखवणारं. माझ्या वजनाने सरकून जिथे थांबलं, तिथेच ते अजून आहे. वरची नळी कापलेली नाही आणि मी कुणाला कापू देणार नाही. तू आलीस की आधी फाटकापर्यंत एक चक्कर मारून दाखव. मला त्यांच्यासारखं टाचांवर बसता येत नाही. मी खुर्ची घेऊन बसेन.