बहिणीनं सांगितलेला बॅले

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. नाटक असो की कीर्तन, मी शेजारी बसून खुणांनी तिला सगळं सांगायची. निम्मं सांगून होईस्तोवर लोक हसून मोकळे झालेले असायचे. हळूहळू तिनं अशा ठिकाणी यायचंच सोडलं.

गेल्या हिवाळ्यात परभणीत छोट्या छोट्या बॅलेंचा कार्यक्रम होता. त्यात बोलणं नसतं, नुसता नाच, असं समजावून मी तिला आमच्या झरी गावाहून बसनं घेऊन गेले.

पहिल्या दोन बॅलेंत पोरी पायाच्या बोटांवर उभ्या राहून अशा भिरभिरत होत्या की बहिणीनं माझा दंडच घट्ट धरला. तिसऱ्यात एक बाई आणि एक माणूस. ती त्याच्याभोवती नाचायची, खांद्यावर डोकं ठेवायला जायची, तो सरकून जायचा. "भांडलेत," मी खूण केली. बहिणीनं नाही म्हणून मान हलवली. हातानं म्हणाली, "त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. ती त्याला दिसतच नाही. मेलीय ती."

शेवटी त्यानं तिची ओढणी उचलून छातीशी धरली, तेव्हा ती अगदी त्याच्यासमोर उभी होती.

मागच्या रांगेतल्या एक बाई पुढं वाकल्या. "त्या काय सांगायल्यात? आमाला काईच कळंना."

मी सांगितलं. त्यांनी शेजारणीला सांगितलं. चौथा बॅले सुरू झाला तशी पुन्हा खांद्यावर टकटक: "आता काय म्हणायल्यात हो?" लोकांचं बोलणं मी तिच्यापर्यंत नेत आले होते, तिचं लोकांपर्यंत न्यायची पाळी पहिल्यांदाच आली. माझी तारांबळ उडाली.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहा घेताना कळलं, त्या बाई शिक्षिका होत्या. "गॅदरिंगला पोरींचा नाच बसवायचाय. तुमची बहीण येईल का?"

बहिणीनं खुणेनं विचारलं, "गाणं लागेल का?"

मी ते सांगितल्यावर बाई हसल्या. "गाण्याबिगर नाच कसा हुईल?"

बहीण म्हणाली, "मी आत्ताच बघितला की."

आता ती दर शनिवारी त्या शाळेत जाते. सुरुवातीला मी सोबत जायची. पण पोरी तिच्या खुणा लय भरभर शिकल्या. परवा मी चपला घालायला लागले तर दारातूनच तिनं हात केला, "तू नको येऊस. आमचं आमी बघतो."