चादरीचं दुसरं टोक

इथले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पुढे जाते. आमच्या दाराला लिंबू-मिरची नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्याला आधी जाऊ देते आणि मग माझ्या कामाला लागते. सकाळी उठल्यावर दिवसभराच्या कामांची यादी करायची आणि झालेलं काम खोडायचं, एवढीच माझी पोथी. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसले असते.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे. लग्नानंतर सुरतेत आले, तेव्हापासून पांडेसऱ्यात राहतो. मिस्टर कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाऊसच्या गेटवर रात्रपाळीला असतात. ते सकाळी येऊन झोपतात, मी कामाला लागते, त्यामुळे आमची भेट बहुधा उंबरठ्यावरच होते.

धाकटी जाऊ मंगल आमच्याच चाळीत, भिंतीला भिंत लावून राहायची. आम्ही दोघी घरी साड्यांच्या घड्या घालायचं काम करायचो. मार्केटमधून गठ्ठे यायचे. गच्चीवर समोरासमोर उभं राहायचं, साडीची दोन्ही टोकं धरायची, ताणायची आणि घडी घालत एकमेकींकडे चालत जायचं. हे काम एकटीचं नाहीच. आमची एक सवय होती. तिच्या बाजूचे काठ जुळले की मंगल दोन हलके झटके द्यायची... टक्, टक्. म्हणजे मी तयार आहे, चल. तोंडाने बोलायची गरज नसायची, कारण तोंड वेगळ्याच गप्पांत गुंतलेलं असायचं. माझ्या याद्यांवर तिचं फार लक्ष. "वो बाई, तू यमले बी यादी दाखाडशी," असं म्हणून स्वतःच हसायची. मी म्हणायचे, यमालाही दाखवीनच, आणि त्यात तुझं नाव माझ्या खाली असेल.

ते तेवढं चुकलं. दोन वर्षांपूर्वी मंगलला कावीळ झाली आणि ती गेली. दीर मुलांना घेऊन गावी परतले. बाजूच्या खोलीत आता एक ओडिया कुटुंब राहतं. चांगली माणसं आहेत, पण एकमेकांची भाषा येत नाही.

मी काही दिवस एकटीने घड्या घालून पाहिल्या. एक टोक दाराच्या कडीला अडकवायचं आणि दुसरं आपण धरायचं. साडी घडते, नाही असं नाही. पण दुपारभर गच्चीवर कुणाशी एक शब्द न बोलता दाराच्या कडीकडे चालत जायचं... शेवटी मार्केटवाल्याला सांगितलं, आता गठ्ठे पाठवू नका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला एक ठेकेदार पोरं घेऊन कच्छला निघाला होता. रणाच्या कडेला सोलरच्या प्लेटा बसवायचं काम होतं आणि तिथली मेस सांभाळायला नीटनेटकं माणूस हवं होतं. मी लगेच हो म्हटलं. मिस्टरांनी विचारलं, जमेल का एवढ्या उन्हात. घरात तरी कुठे सावली होती? पण हे मी त्यांना बोलले नाही.

जागा नीट सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एका लहानशा उंचवट्यावर पत्र्याची लांबट खोली, तेच आमचं किचन. त्याच्या उतारावर पाण्याची टाकी आणि टाकीच्या पलीकडे कपडे वाळवायच्या तारा. तारांच्या पुढे काही नाही. झाड नाही, कुंपण नाही, नुसतं पांढरं सपाट रण. वरून कोरडं दिसतं, पण मिठाच्या पापुद्र्याखाली चिखल असतो. एकदा पाण्याचा टँकर वळवताना मागचं चाक तिकडे गेलं आणि पाहता पाहता निम्मं आत. तेव्हापासून तिकडे कुणी पाय टाकायचा नाही, असा हुकूम होता.

माझ्या मदतीला जवळच्या गावातली रमीलाबेन यायची. माझ्याच वयाची, कमी बोलणारी. पहिल्याच आठवड्यात तिने मला बजावलं होतं की पावसाआधी इथे वावटळी उठतात, धूळ आली की जिथे असाल तिथे डोकं झाकून बसायचं. "बेसी जवानुं, दोडवानुं नहीं." बसून जायचं, पळायचं नाही. मी मान हलवली. यादीत लिहिलंसुद्धा.

तो जूनचा पहिला आठवडा होता. सकाळपासून वारा बंद, पत्र्याला हात लावता येत नव्हता. पोरं जेवून साईटवर परत गेली. दुपारी किचनमागचं आकाश तांबूस झालं, मग विटकरी. जमिनीपासून वरपर्यंत एक भिंत चालत येत होती. रमीलाबेन खिडक्या लावायला धावली.

आणि मी? मी तारांकडे पळाले.

सुरतेत घड्यांचं काम केलेली बाई असंच करणार. कपड्यावर धूळ बसली, थेंबाचा डाग पडला की अख्खा गठ्ठा परत येतो. ढग दिसला की आधी कापड उचलायचं, मग पोरंबाळं, असं मंगल म्हणायची. त्या दिवशी तारेवर पोरांच्या चादरी होत्या. मला रमीलाबेनचं बोलणं आठवलंच नाही, हात आपोआप चिमटे काढायला लागले.

चार-पाच चादरी काढल्या असतील, तेवढ्यात ती भिंत अंगावर आली. वाऱ्याने बाकी चादरी कुठल्या कुठे नेल्या, एक तेवढी मुठीत राहिली. समोर स्वतःचा हात दिसेना. डोळ्यांत चुलीतली गरम राख जावी तशी धूळ. डोळे वाचवायला मी वाऱ्याकडे पाठ केली आणि तशीच चालायला लागले. वाटलं, टाकी लागेल, टाकीवरून किचन लागेल.

टाकी लागली नाही. थोड्या वेळाने पायाखाली करकर आवाज आला, पापड मोडावा तसा. मग चप्पल रुतली.

मी कुठे आहे ते मला त्या क्षणी कळलं. पण वळायचं कुठे ते कळेना. तेव्हा खाली बसायचं होतं, पण त्या ओल्या जागी बसायचीही भीती वाटली. आणि मनात काय आलं ते लिहिते, कारण ते तसंच आलं होतं... रात्रीच्या जेवणापर्यंत माझी आठवण कुणाला येणार? मिस्टर सकाळी घरी येतील आणि झोपतील.

चादर वाऱ्याबरोबर माझ्या पुढे फडफडत होती. एकाएकी ती मागे, वाऱ्याच्या उलट वळली आणि ताणली गेली. नीट, सरळ, दोन्ही काठ जुळवून कुणी धरावी तशी. वाटलं रमीलाबेन आली. मी हाक मारली, पण तोंडात धूळच गेली.

मग दोन झटके. टक्, टक्.

माझे पाय माझ्याआधी निघाले. इतकी वर्षं ज्या खुणेवर चालले, त्याच खुणेवर. डोळे मिटलेले, हातात चादरीची दोन टोकं. मी चालत गेले, पण घडी काही पडेना. आमच्या कामात दोघी एकमेकींकडे येतात, शेवटी बोटांना बोटं लागतात आणि टोकं हातात दिली जातात. इथे मी पुढे जाईन तितकं समोरचं माणूस मागे सरकत होतं. मी भराभर पावलं टाकून पाहिली, तर तेही भराभर मागे. चादर शेवटपर्यंत तेवढीच ताणलेली. मी म्हणाले, "थांब ना गं." मोठ्याने म्हणाले.

कपाळ पत्र्यावर आपटलं आणि चादर सैल पडली. तो किचनच्या दाराशेजारचा पत्रा होता.

रमीलाबेनने मला आत ओढलं, तोंडावर पाणी मारलं. बाहेर चिखलाचे थेंब पडायला लागले होते. ती दारातच उभी राहून माझी वाट पाहत होती. जरा सावरल्यावर मी विचारलं की तू बाहेर आली होतीस का. नाही म्हणाली. मग तिने त्या चादरीकडे बोट दाखवलं.

"पहेलां चादर आवी," ती म्हणाली. "पछी तमे."

आधी चादर आली, मग तुम्ही. चादरीपुढे कुणी होतं का, असं मी विचारलं. तिने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि चहा किती कप ठेवू, असं विचारलं.

चादर मी उजेडात नेऊन पाहिली. सगळी विटकरी झाली होती. माझ्या बाजूच्या दोन कोपऱ्यांवर, जिथे मी मुठी आवळल्या होत्या, तेवढं कापड पांढरं राहिलं होतं. दुसऱ्या बाजूच्या दोन कोपऱ्यांवरही तसेच दोन पांढरे ठिपके होते. लहान, अंगठा आणि बोट मावेल एवढे. मंगल कापड मुठीत धरायची नाही, चिमटीत धरायची. चुरगळतं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी वारा त्याच बाजूने होता. मी दुसरी एक चादर घेऊन तारांपाशी उभी राहिले आणि किचनकडे तोंड केलं. चादर मागे, रणाकडे उडाली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दरवेळी तेच. वाऱ्याने मला ओढलं असतं, तर तिकडे ओढलं असतं.

मिस्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, उन्हाने झालं असेल, ताक पी. ऊन होतंच, मी नाकारत नाही. चादर काट्यात अडकली म्हणावं, तर तिथे काटाही उगवत नाही. आणि काटा चालत नाही. ज्याची चादर होती त्या पोराला रात्री अंथरायला दुसरी नव्हती, म्हणून मी ती धुऊन टाकली. तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नाही.

मंगल सुरतेत वारली. कच्छ तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तिकडे आहे हे तिला कसं कळेल... हा प्रश्न मी विचारते आणि मग स्वतःलाच म्हणते, काय विचारतेस तू.

पावसाळ्यात परत आले आणि मार्केटवाल्याला निरोप पाठवला की गठ्ठे येऊ द्या. आता मिस्टर झोपले की मी गच्चीवर जाते. साडीचं एक टोक दाराच्या कडीला अडकवते, दुसरं धरून लांब जाते, काठ जुळवते. सुरू करण्याआधी मी दोन झटके देते. मग थोडी थांबते.

कडी हलत नाही. तरी मी थांबते, आणि मग घडी घालत दाराकडे चालू लागते.