अप्पांचा कोट

इंद्रलोक वसाहतीतला धम्मदीपचा फोटो स्टुडिओ बारशांवर आणि जवळच्या चेणे गावात नदीकाठी होणाऱ्या प्री-वेडिंग शूटवर चालायचा. होणाऱ्या नवरा-नवरीला उगाच हसवण्यात त्याची हयात चालली होती. पोट भरायचं, मन भरत नव्हतं. मग एका प्रदर्शनात त्याने मनाली नावाच्या फोटोग्राफरची मालिका पाहिली. पहिल्या फोटोत नऊवारीतली म्हातारी. पुढे एकेक वस्त्र उतरत जातं आणि शेवटी उरते नुसती सुरकुतलेली कातडी, पोटावर बाळंतपणाच्या खुणा. त्यात चावटपणा औषधालाही नव्हता. अख्खं आयुष्य होतं.

धम्मदीपला त्या जागी आपले वडील दिसू लागले. वाल्मिकअप्पांनी स्टीलच्या कारखान्यात जन्म काढला होता. पत्रे वाहून खांद्यावर गाठ आली होती, छातीवर भाजल्याचा डाग होता.

"अप्पांना असे फोटो काढू द्या म्हणून विचारणार? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" बायको रश्मी म्हणाली.

तरी त्याने विचारलंच. मोबाईलवर ती मालिकाही दाखवली. अप्पांचा चेहरा आवळला.

"माझा बाप गावात उघडा फिरायचा. सदराच नव्हता. एकदा नवा घातला, तर गावानं अंगावरच फाडला. मी पहिल्या पगारात कोट शिवला. अन् आता माझाच पोरगा म्हणतोय, काढा."

त्यानंतर अप्पांनी बोलणंच टाकलं. धम्मदीप जेवायला बसला की ते उठून जायचे. एका फोटोपायी बाप गमावला, अशी भीती त्याला वाटू लागली.

रविवारी दुपारी अप्पा अचानक स्टुडिओत आले. हातावर तोच कोट होता.

"शटर ओढ."

भिंतीकडे तोंड करून त्यांनी कपडे उतरवायला घेतले.

"अप्पा, आधी कोट घाला ना. सुरुवात त्याच्यापासून करतोय मी."

"न्हाई. सुरुवात उघड्यानं. माझ्या बापापासून. पण चेहरा घेऊ नको."

अंगावर सूतही न ठेवता ते पाठमोरे उभे राहिले. खांद्यावरची गाठ दिव्याखाली लख्ख दिसत होती. क्लिक. मग बनियन, पँट, सदरा. प्रत्येक कपडा चढला की अप्पा थांबायचे आणि धम्मदीप बटण दाबायचा.

शेवटी कोट चढला. अप्पांनी गुंड्या लावल्या, कॉलर सारखी केली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे वळले.

"आता चेहरा घे," ते म्हणाले.